ओळखीचा दवाखाना

पोट दुखतंय म्हणून आदितीला दवाखान्यात आणून एक रात्र उलटली होती आणि आतापर्यंत तिच्याखेरीज सगळ्यांची तब्येत विचारून झाली होती.

तिचे सासरे बापूसो मगदूम यांची शुगर कशी आहे, हे खुद्द डॉक्टर धैर्यशील यांनी विचारलं. सासूबाई त्रिशला यांच्या गुडघ्यांसाठी मॅनेजरने गादीची खुर्ची आणून दिली. कबनूरहून लेकीबरोबर आलेल्या राजमतींना एसीचा गारठा बाधतोय का, याची चौकशी दोनदा झाली. आदिती तेवढी कॉटवर उजव्या बरगडीखाली हात दाबून बसली होती. आडवं झालं की दुखणं खांद्यापर्यंत चढत होतं, म्हणून ती रात्रभर बसूनच होती.

पहिलं बाळंतपण माहेरचं, हा कायदा मगदुमांनाही मान्य होता. डोहाळजेवण झालं, आदिती कबनूरला गेली आणि राजमतींनी इचलकरंजीतली एक डॉक्टरीण ठरवूनही टाकली. तिथे बापूसो आडवे आले. "तितं आपल्याला कोण ओळखतंय?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. बरीच ताणाताणी होऊन शेवटी तह झाला तो असा, की बाळंतपण माहेरचं, पण दवाखाना बापूसोंचा. त्या दिवसापासून दोघी विहिणी एकमेकींशी सरळ बोलत नव्हत्या. बोलायचं असलं तर आदितीच्या पोटाकडे बघून बोलायच्या.

बापूसो एकेकाळी साखर कारखान्याचे संचालक होते. पुढे लागोपाठ दोन निवडणुकांत पडले, पण फोन नंबर राहिले. त्यांच्या लेखी जगात दोनच जातीची माणसं होती, ओळखीची आणि ओळख व्हायची. लग्नाच्या पंगतीला बसायच्या आधी ते वाढप्याची ओळख काढायचे. रस्त्यात ट्रॅफिकवाल्याने अडवलं, तर लायसन दाखवायच्या आधी त्याचं गाव विचारायचे. पुढे सून बाळंतपणाला कोल्हापूरच्या अंकुरप्रभा हॉस्पिटलात येणार म्हटल्यावर त्यांनी कारखान्याच्या चेअरमनपासून आमदारांच्या पीएपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं, आणि त्या सगळ्यांनी दवाखान्यात फोन केले. एका फोनने वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. दुसऱ्याने फळांची करंडी आली. तिसऱ्या फोननंतर मॅनेजर स्वतः येऊन टीव्हीचा रिमोट नीट चालतो का, ते बघून गेला.

"सिस्टर, हितं दुखतंय," आदिती सकाळी म्हणाली. "बरगडीखाली. आणि खांद्यात."

सिस्टर संयोगिता हसतमुख बाई होती. "वहिनी, बाळ कुठं असतंय? खाली. कळ कुठं यायला पाहिजे? खाली, न्हाईतर कंबरेत. तुमचं दुखतंय वर. म्हणजे पित्त."

"डोकंपण लई ठणकालंय."

"पित्तानं डोकं दुखतंयच की. काल जेवलासा कधी?"

"दिवस मावळायच्या आत," राजमतींनी सांगितलं. "आमच्यात रात्री खात न्हाईत."

"मग तेच म्हणते मी. तुम्ही जैन लोक उजेडी जेवता, पुढं रातभर पोट रिकामं. पित्त न्हाई व्हणार तर काय व्हणार?"

"आमच्या कितीतरी पिढ्या उजेडीच जेवत आल्या, बाई. पित्तानं खांदा दुखलेला मी तरी बघितला न्हाई."

"एकेकाचं पित्त एकेक असतंय, काकू," संयोगिता म्हणाली आणि तिने गुलाबी औषधाची बाटली टेबलावर ठेवली.

"काल बीपी जरा जास्त हाय म्हणालीस. ते परत बघ की," राजमती म्हणाल्या.

"दवाखान्यात आलं की सगळ्यांचंच वाढतंय, भीतीनं. सरांनी सांगितलंय, साहेबांची माणसं आहेत, सारखं उठवून त्रास द्यायचा न्हाई."

ते मात्र तिने अक्षरशः पाळलं होतं. रात्रभर खोलीचं दार कुणी वाजवलं नव्हतं. खालच्या जनरल वॉर्डातल्या बायकांच्या नशिबी हे सुख नव्हतं. त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा वरचेवर आवळला जात होता आणि त्या बिचाऱ्या कुरकुरत हात पुढे करत होत्या.

आदिती ज्युनियर कॉलेजात अकाउंट्स शिकवायची. समोरचा माणूस आपल्या विषयात हुशार असेल तर त्याचं ऐकावं, असं ती मुलांना सांगत आली होती, म्हणून पहिल्यांदा तिने संयोगिताचं ऐकलं. पित्त असेल, असं स्वतःला समजावलं. गुलाबी औषध घेतलं आणि ओकून टाकलं. बोटातली अंगठी निघेना, तेव्हाही तिने दिवस भरत आलेत म्हणून असेल असं धरलं. गेल्या आठवड्यात चेहरा सुजायला लागला तेव्हा तिचा नवरा सम्मेद म्हणाला होता, "गाल भरलेत गं. भारी दिसालीस." तिला ते आवडलंही होतं. आता मात्र तिला भीती वाटत होती, आणि कळांची भीती ती नव्हे हे तिला कळत होतं. आतून काहीतरी निसटत चाललंय असं तिला वाटत होतं. हे कसं सांगावं ते कळेना. सांगितलं तर लोक पहिलटकरीण म्हणून हसतील, ही लाज त्या भीतीलाही पुरून उरली.

तरी तिने सांगितलं. "सिस्टर, मी जगत न्हाई असं वाटालंय मला."

संयोगिताने तिच्या पाठीवर हात फिरवला. "पहिल्या खेपेला सगळ्याच असं म्हणत्यात, वहिनी. दुसऱ्याला बघा, हसत येशीला."

डॉक्टर धैर्यशील नाश्ता उरकून वर आले ते दोन्ही हात पुढे करूनच. बापूसो कॉरिडॉरमध्ये उभे होते, त्यांनी ते दोन्ही हात धरले.

"काय बापूसो, यंदा ऊस काय म्हणतोय?"

"ऊस काय म्हणणार, डॉक्टर. कारखानदार म्हणतील ते. तेवढं आमच्या सूनबाईकडं—"

"अहो, ती माझी मुलगीच की." डॉक्टरांनी अर्धं दार उघडून आत डोकं घातलं. "काय बेटा, बरंय ना? काही काळजी करायची न्हाई. मी आहे." आदितीने तोंड उघडलं तोवर डोकं बाहेर गेलं होतं. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं डॉक्टरांनी दारातूनच पेशंट तपासला आणि पुन्हा उसावर आले. पुढच्या निवडणुकीत पॅनेल कुणाचं, यावर दोघांचं बराच वेळ बोलणं झालं. जाताना डॉक्टर म्हणाले, "कळा सुरू व्हायला अजून अवकाश आहे. काही लागलं तर एक फोन करा फक्त."

बापूसोंना समाधान वाटलं. मोठा माणूस आपल्यापाशी इतका वेळ थांबला, म्हणजे सुनेची व्यवस्था झालीच, असा त्यांचा हिशेब होता. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. घरात कुणाला काही झालं की काळजीने त्यांचा हात फोनकडे जायचा. आदितीच्या ओकण्याचा आवाज दाराबाहेर आला तेव्हाही त्यांनी आमदारांच्या पीएला फोन लावला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आत त्रिशला सुनेचं तोंड पुसत होत्या. आदितीने वर पाहिलं आणि डोळे बारीक केले.

"आई, जरा सरळ बघा माझ्याकडं."

"बघालोय की गं."

"तुमचा अर्धाच चेहरा दिसतोय. बाकीच्या जागी नुसत्या ठिणग्या."

त्रिशलांच्या हातातला टॉवेल खाली पडला. सम्मेदच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती, हे या घरात कुणी बोलत नसे. ती रडली नव्हती. त्या दिवशी त्याही सारख्या सांगत होत्या, डोळ्यापुढं काजवे येत्यात म्हणून, आणि नर्स म्हणत होती की अशक्तपणा आहे, लिंबूपाणी द्या. डॉक्टर ओळखीचाच होता, बापूसोंच्या कॉलेजातला. मूल गेलं, तेव्हा बापूसो भेटायला येणाऱ्याला सांगत होते, "ओळखीचा डॉक्टर हुता म्हणून ही तरी हाताला लागली." त्रिशला ते वाक्य कितीतरी वर्षं ऐकत आल्या होत्या. खरं-खोटं करायची त्यांची कधी हिंमत झाली नव्हती, आणि आज आपण त्या नर्सच्याच जागी बसून सुनेला "थोडं सोस" म्हणत आलो, याची त्यांना विलक्षण लाज वाटली.

त्या दारात गेल्या. "सिस्टर, हिला दिसंना झालंय. डॉक्टरांना बोलव."

"सरांना फोन झालाय, काकू. ओपीडी संपली की येत्यात."

"कुणाचा फोन?"

"आमदारसाहेबांच्या ऑफिसातनं. आत्ताच आला. सर म्हणाले, काकूंना चहा पाठवा."

त्रिशला परत आल्या आणि महिन्याभरात पहिल्यांदाच विहिणीच्या तोंडाकडे बघून बोलल्या. "राजमती, हिला हितनं हलवाय पाहिजे."

राजमती जणू त्याचीच वाट बघत होत्या. "कुटं न्यायची, अक्का?"

"जितं ह्यांना कोण ओळखत न्हाई तितं."

बोलून गेल्यावर त्रिशलांच्या लक्षात आलं की कोल्हापुरात अशी जागा सापडणं सोपं नव्हतं. स्टेशनजवळच्या मोठ्या हॉस्पिटलचा मालक बापूसोंच्या वर्गातला. राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाई त्यांच्या मावसभावाच्या विहीणबाई. ओळखीचा चोर जिवे न सोडी म्हणतात, मग ओळखीचा डॉक्टर कशाला सोडेल. एकेक नाव त्या मनातल्या मनात खोडत गेल्या आणि शेवटी सरकारी दवाखाना उरला. तिथला मोठा साहेबही बापूसोंना ओळखत असणार, पण दारात बसणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांना तर स्वतःच्या घरच्यांची तोंडं बघायलाही सवड नसते.

सम्मेद खिडकीपाशी उभा होता. बोलायच्या आधी वडिलांकडे बघायची त्याला लहानपणापासून सवय होती. आत्ताही त्याने दाराकडे पाहिलं. "पप्पांना विचारून—"

"इचारायचं न्हाई," त्रिशला म्हणाल्या. "गाडी मागच्या दाराला लाव."

सम्मेदने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्या दिशेने बघत होती, पण तिची नजर त्याच्या कानाच्या बाजूला कुठेतरी लागली होती. तो किल्ली घेऊन पळाला.

व्हीलचेअर राजमतींनी ढकलली. कॉरिडॉरमध्ये बापूसो भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत होते. "व्हय व्हय, साहेबांच्या कानावर घाला. म्हणावं, आमच्या सूनबाईकडं जातीनं लक्ष द्या." त्यांच्या पाठीमागून त्यांची सूनबाई, बायको आणि विहीण अशा तिघी गेल्या. लिफ्टपाशी वॉचमनने सलाम ठोकला आणि दार धरून ठेवलं. साहेबांच्या माणसांना कुठे चाललात म्हणून विचारायची त्या दवाखान्यात पद्धत नव्हती. बापूसोंच्या ओळखीचा त्या दिवशी झालेला खरा उपयोग तो एवढाच.

सरकारी दवाखान्यात कुणी सलाम केला नाही. गर्दी इतकी होती की व्हीलचेअर आडवी करायला जागा नव्हती. टेबलामागची डॉक्टर मुलगी संयोगितापेक्षाही लहान दिसत होती, आणि तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

"नाव काय?"

"आदिती."

"पूर्ण नाव."

आदितीने ओठ हलवले, तोवर त्रिशलांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आदिती आवटी," त्या म्हणाल्या. "कबनूर."

राजमतींनी चमकून पाहिलं. आवटी हे त्यांचं आडनाव होतं.

"पहिलं बाळंतपण माहेरचं असतंय," त्रिशला त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. त्या आडनावाने पुढे जन्मदाखल्याच्या वेळी सगळ्या घराला हेलपाटे घालायला लावले, पण त्या घडीला त्यांना ते दुसऱ्या कुठल्याही नावापेक्षा सुरक्षित वाटलं.

डॉक्टर मुलीने उसाची चौकशी केली नाही, चहा विचारला नाही. रांगेतल्या प्रत्येक बाईला बांधत होती तसाच पट्टा आदितीच्या दंडाला बांधला. आकडा बघितला, पट्टा सोडून पुन्हा बांधला आणि पुन्हा बघितला.

"कुठं दुखतंय?"

"हितं. बरगडीखाली." एवढं सांगून आदिती थांबली आणि मग सवयीने पुढे म्हणाली, "पित्त असंल."

"पित्त न्हाई हे." डॉक्टर उभी राहिली. "बीपी डोक्याला चढलंय तुमचं. लिव्हरला सूज आली की असं वर दुखतंय. कधीपासून आहे?"

"कालपासनं."

"कालपासून? मग काल का नाही आणलं?" ती दोघी बायकांवर कडाडली. "कुठं होता कालपासून तुम्ही?"

दोघी कालपासून चांगल्या दवाखान्यात होत्या. राजमतींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. लेकीचं दुखणं खरं मानून कुणीतरी रागावलं होतं, याचंच त्यांना बरं वाटलं. स्ट्रेचर आलं. झटके येऊ नयेत म्हणून कॉटवर घेता घेताच इंजेक्शन दिलं गेलं. आताच्या आता ऑपरेशन करावं लागेल, बाळ लहान आहे, दोघांनाही धोका आहे, असं सम्मेदला तोंडावर सांगितलं. दाखवलं तिथे त्याने सही केली.

इकडे बापूसोंनी फोन ठेवून खोलीत पाहिलं, तर करंडी होती आणि माणसं नव्हती. लेकाच्या फोनवर पत्ता कळला. ते सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा रागाने आणि काळजीने त्यांचा सदरा घामाने भिजला होता. दारातल्या माणसाने पुढच्या खिडकीवर पाठवलं, खिडकीने मागे पाठवलं. मगदूम नावाचा पेशंट आमच्याकडे नाही, असं दोन्हीकडून ऐकल्यावर त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं. मोठ्या साहेबांचा नंबर मिळवला आणि फोन लावला.

फोनचा परिणाम झालाच. ऑपरेशन थिएटरबाहेर एक शिपाई धावत आला. आतून नुकतीच बाहेर पडलेली डॉक्टर मुलगी रक्ताच्या पिशवीसाठी कुणालातरी पिटाळत होती.

"मॅडम, मोठ्या साहेबांचा फोन हाय. मगदूम म्हणून कोण हायत, त्यांच्या पेशंटला बघून लगेच वर येऊन सांगा म्हणालेत. त्यांच्या माणसांना केबिनमध्ये बसवायचंय."

डॉक्टर क्षणभर थांबली. एक पाऊल आत, एक बाहेर. "मगदूम कोण?" तिने बाकाकडे बघून विचारलं.

जिन्यावरून बापूसो धापा टाकत वर येत होते. बायको दिसली, तसा त्यांनी हात उंच केला.

त्रिशलांनी तो हात पाहिला. लग्न झाल्यापासून त्या आडनावाला त्या कधी नाही म्हणाल्या नव्हत्या. "मगदूम हितं कोण न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी जावा आत."

डॉक्टर आत गेली आणि दार लागलं. शिपाई मगदूम शोधत पुढच्या वॉर्डाकडे निघून गेला. बापूसो हात तसाच वर धरून उभे राहिले आणि मग त्यांनी तो खाली घेतला. बाकावर त्रिशला आणि राजमती एकमेकींना खेटून बसल्या होत्या, पुटपुटत णमोकार म्हणत होत्या. सम्मेद भिंतीला टेकून खाली बसला होता. त्याने वडिलांकडे पाहिलं नाही.

बसायला सांगणारं तिथे कुणी नव्हतं, म्हणून बापूसो उभेच राहिले. किती वेळ गेला ते त्यांना समजलं नाही. फोन खिशात वाजत राहिला. चेअरमन असतील, पीए असेल, त्यांनी बघितलं नाही.

दार उघडलं. "आदितीचं कोण आहे?"

चौघंही एकदम पुढे झाले.

"मुलगी आहे. लहान आहे, काचेत ठेवलीय, पण श्वास घेतेय. आईचं बीपी अजून खाली आलेलं नाही, रक्त कमी पडलंय. दोन दिवस काही सांगता येणार नाही." मग बहुधा त्यांची तोंडं बघून ती जरा मऊ झाली. "शुद्धीवर आहे. बोलतीय. एकानं आत या, एकानंच."

त्रिशलांनी राजमतींच्या पाठीवर हात ठेवून त्यांना पुढे लोटलं. राजमती पदराने डोळे पुसत आत गेल्या. त्रिशला तोंडात पदर धरून उभ्या राहिल्या आणि मग पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या. त्यांनी आवाज दाबायचा प्रयत्न केला नाही. सम्मेदने त्यांना धरलं.

बापूसोंचा फोन पुन्हा वाजला. या वेळी त्यांनी सवयीने उचलला. आवाज डॉक्टर धैर्यशील यांचा होता, आणि त्यात खरोखरच दुखावलेपण होतं.

"बापूसो, असं न सांगता गेलात? काही अडचण होती तर मला नुसता एक फोन करायचा होता."

समोर त्यांची बायको रडत होती.

"फोनच करत बसलो हुतो, डॉक्टर," ते म्हणाले. "पोरगीकडं बघायचं ऱ्हायलं."